शिकाऱ्याचा कॅमेरा गावाच्या हाती द्या

अमेरिकेत एक कोटीहून अधिक लोक शिकारीला जातात आणि त्यांतले बहुसंख्य हरणांच्या मागावर असतात. एवढ्या गिऱ्हाइकांसाठी तिथे सामानाचा प्रचंड बाजार उभा आहे. या बाजारात चाळीस-पन्नास डॉलरना मिळणारी एक वस्तू म्हणजे ट्रेल कॅमेरा. जेवणाच्या डब्याएवढी ही पेटी झाडाला पट्ट्याने बांधायची, तिचे तोंड जनावराच्या वाटेकडे करायचे आणि निघून जायचे. समोरून उबदार अंगाचे काही हलले की ती आपोआप फोटो काढते आणि त्यावर तारीख-वेळ उमटवते. मोठ्या शिंगांचा नर या वाटेने येतो का, किती वाजता येतो, एकटा येतो की सोबत आणखी कुणी असते, एवढेच शिकाऱ्याला हवे असते. हेच उपकरण आपल्याकडे ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणून ओळखले जाते आणि वाघांच्या गणनेत ते आता सरकारी दप्तराचा भाग झाले आहे. साधी, कमी किमतीची मॉडेले भारतातही काही हजार रुपयांत मिळतात. माझे म्हणणे असे की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड, सिन्नर अशा बिबट्याच्या पट्ट्यातील प्रत्येक मोठ्या गावाकडे असे पाच-सहा स्वस्त कॅमेरे कायमचे असले पाहिजेत. ते वनखात्याच्या देखरेखीखाली, पण गावातल्या माणसांनी चालवावेत. आज बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ती कॅमेऱ्याची व्हायला हवी.

हे उपकरण कुणा शास्त्रज्ञाने वाघ-बिबट्यांसाठी बनवलेले नाही, आणि त्याच्या स्वस्तपणाचे मूळ तिथेच आहे. १९८०च्या दशकात अमेरिकी शिकारी जनावराच्या वाटेवर आडवा दोरा बांधत. दोरा ओढला गेला की त्याला जोडलेले घड्याळ बंद पडे आणि जनावर किती वाजता गेले ते सकाळी कळे. पुढे दोऱ्याची जागा इन्फ्रारेड किरणांनी घेतली, घड्याळाची जागा रिळाच्या कॅमेऱ्याने. छत्तीस फोटो निघाले की रीळ संपे, मग पुन्हा रानात जाऊन ते बदलायचे. डिजिटल कॅमेरे आल्यावर ही कटकट संपली आणि एका मेमरी कार्डावर हजारो फोटो मावू लागले. या प्रत्येक सुधारणेचा खर्च शिकाऱ्यांनी खिशातून भरला. जगभरचे वन्यजीव अभ्यासक एकत्र आले असते तरी एखादा कारखाना चालेल इतकी त्यांची खरेदी झाली नसती. लाखो शिकारी दर हंगामात नवा कॅमेरा घेत राहिले म्हणून किमती उतरल्या आणि त्या उतरलेल्या किमतीचा लाभ आपल्या जंगलांना मिळाला. शिकारीचे सामान म्हणून ज्यांना याचे वावडे वाटते त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. माग काढणे, वाटा ओळखणे, वारा आणि वेळ पाहणे ही शिकाऱ्याची विद्या आहे. तिचा शेवट गोळीतच झाला पाहिजे असे नाही.

तो तसा होऊ नये यासाठी धडपडलेली माणसेही आधी शिकारीच होती. जॉर्ज शिरास हा पेनसिल्व्हेनियाचा वकील, पुढे अमेरिकी काँग्रेसचा सदस्य. रात्री होडीच्या टोकाला दिवा ठेवून तळ्याकाठच्या हरणाचे डोळे चमकवायचे आणि त्या चमकेवर गोळी झाडायची, ही तिकडची जुनी शिकारी रीत. शिरासने दिवा आणि होडी तशीच ठेवली, बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे त्याने वाटेवर तार बांधून जनावराकडूनच फोटो काढवून घेण्याची युक्ती काढली. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६च्या अंकात त्याचे ७४ फोटो छापले. आपल्याकडे संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात तारेच्याच युक्तीने वाघांचे रात्रीचे फोटो काढले आणि ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहताना चॅम्पियन यांच्या लक्षात आले की कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, म्हणजे तो मोजताही येतो. ही गोष्ट उमगल्यावरही आपण ती वापरात आणायला साठ-सत्तर वर्षे घेतली. या काळात पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत रूढ झाली आणि तिचा फोलपणा २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात उघडा पडला. कागदावर डझनाहून अधिक वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता.

कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये डॉ. उल्हास कारंत यांनी १९९०च्या दशकात कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र यांची सांगड घातली. काही रात्रींत किती वेगवेगळे वाघ दिसले, त्यांतले किती पुन्हा पुन्हा दिसले, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो, हे त्यांनी १९९५च्या आपल्या शोधनिबंधात दाखवून दिले. पुढे देशानेच ही वाट धरली. २०१८-१९च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले, त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७ होते, आणि या व्यापाची गिनीज बुकात नोंद झाली. २०२२च्या गणनेत कॅमेऱ्यांची ठिकाणे ३२,५८८ झाली, ३,०८० वेगवेगळे वाघ फोटोंत ओळखले गेले आणि त्या आधारे देशातील वाघांचा अंदाज ३,६८२ असा काढला गेला. महाराष्ट्राचा वाटा ४४४. या आकड्यांवर वाद घालता येतो, घातलाही जातो. पण फोटो समोर असतात, म्हणून तो वाद पुराव्यानिशी होतो. ठशांच्या जमान्यात हे शक्य नव्हते.

एकेका जनावराची ओळख पटण्याला केवढे मोल आहे ते मराठवाड्याने पाहिले आहे. मार्च २०२१मध्ये गौताळा-औट्रम घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ आला. त्या भागात १९४०नंतर वाघाची नोंद नव्हती. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला, म्हणजे शेते, रस्ते, गावे ओलांडत तो सव्वातीनशे किलोमीटर चालत आला होता. २०२४च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात असाच एक वाघ कॅमेऱ्यात दिसला, त्याचेही मूळ टिपेश्वरच. हे फोटो नसते तर ‘वाघ आला’ ही अफवा ठरली असती किंवा दहशत. फोटो होते म्हणून तो कोण, कुठला हे सांगता आले, आणि त्याच्याशी कसे वागायचे याचा विचार त्या माहितीवरून सुरू झाला.

बिबट्याच्या बाबतीत मात्र आपण अजून अंधारातच चाचपडतो आहोत. २०२५च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात जेमतेम तीन आठवड्यांत दोन लहान मुले आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला. त्यांचा संताप पूर्णपणे रास्त होता आणि इथे बसून त्यांना संयमाचे धडे देण्याचा अधिकार कुणालाही नाही. प्रश्न असा आहे की त्या संतापातून जी मागणी पुढे येते, तिने पुढचे मूल वाचते का? सर्वांत सोपी मागणी म्हणजे पिंजरे वाढवा, दिसेल तो बिबट्या धरा आणि लांब नेऊन सोडा. जुन्नरने हे करून पाहिले आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात जुन्नर परिसरात माणसांवरच्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती. बिबटे पकडून जवळपासच्या जंगलांत सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाल्यानंतर ती सतरावर गेली. पिंजरा आंधळा असतो. त्यात शेळीच्या वासाने आलेला कोणताही बिबट्या सापडतो, आणि तो हल्ला करणाराच असेल याची काहीही खात्री नसते. निरुपद्रवी, आपल्या हद्दीत रुळलेला नर उचलून नेला की त्याच्या मोकळ्या जागेवर नवे, तरुण, परिसराची माहिती नसलेले बिबटे येतात. उचलून नेलेला बिबट्या अनोळखी मुलखात बिथरतो. म्हणून आधी कळले पाहिजे की या शिवारात वावरतात किती, कोणकोणते, आणि त्यांतला माणसाच्या वाटेला गेला तो कोणता.

हे कळू शकते का? उसाच्या पट्ट्यातही कळू शकते, आणि याचा पुरावा बारा-तेरा वर्षांपूर्वीच आपल्या हाती आला आहे. अकोले तालुक्यात, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, अशा शेतीच्या प्रदेशात अत्रेय यांच्या गटाने कॅमेरे लावले आणि २०१३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे तिथे निघाली. विष्ठेच्या तपासणीतून कळले की बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्या खोऱ्यातली माणसे या बिबट्यांशेजारी शेती करत होती आणि अभ्यासाच्या काळात तिथे माणसाचा बळी गेला नव्हता. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात निकित सुर्वे यांनी २०१५मध्ये कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ३५ बिबटे ओळखले. तिथे बिबट्यांना क्रमांक आहेत, त्यांची पिल्ले, त्यांच्या हद्दी माहीत आहेत. २०२२च्या राष्ट्रीय अंदाजात महाराष्ट्राला १,९८५ बिबटे दाखवले आहेत, पण ही मोजणी मुख्यतः जंगलांची आहे. ज्या बिबट्यांमुळे शिरूर-जुन्नरचे लोक रात्री घराबाहेर पडायला घाबरतात ते उसात जन्मले आणि उसातच वाढले. जंगलाच्या मोजणीतून त्यांच्याविषयी काहीच कळत नाही. नसबंदी करा, हलवा, गोळी घाला, काहीही ठरवले तरी आधी किती आणि कोण हे माहीत नसेल तर उपायाने फरक पडला की नाही हेसुद्धा पुढे सांगता येणार नाही.

यासाठी दरवेळी मोठ्या संस्थेचा प्रकल्प लागत नाही. एखाद्या गावाची पाणंद डोळ्यांसमोर आणा, दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मध्ये बैलगाडीपुरती वाट, पुढे ओढा. बिबट्यालाही उसातून अंग घासत जाण्यापेक्षा अशी मोकळी वाट बरी वाटते. त्या वाटेच्या कडेला बाभळीच्या खोडावर, गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेरा बांधायचा. फार उंच बांधला तर पाठ दिसते, आणि ओळख तर कुशीवरच्या ठिपक्यांवरून पटते. समोरचे गवत छाटायचे, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या तापलेल्या पात्यांचे शेकडो रिकामे फोटो निघतात. तोंड पूर्व-पश्चिमेकडे करायचे नाही, कारण उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षी वेगवेगळी असते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा हवा, आणि तेही एकमेकांच्या डोळ्यांत प्रकाश जाणार नाही इतके मागेपुढे. नाहीतर एकच बिबट्या जाताना एक आणि येताना दुसरा म्हणून मोजला जातो. दर आठ-दहा दिवसांनी कार्ड काढायचे, सेल तपासायचे, पेटीत मुंग्या शिरल्या असतील तर साफ करायचे. हे काम शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या किंवा ड्रोनने फवारणी करणाऱ्या गावच्या पोरांना दोन दिवसांत शिकवता येईल.

त्या कार्डावर जे सापडेल ते फक्त बिबट्याबद्दलचे नसेल. कोल्हा, रानमांजर, साळिंदर, मुंगूस आणि कचऱ्याच्या ढिगाकडे जाणारी कुत्र्यांची टोळी त्यात दिसेल. आणि रात्री एक-दोन वाजता, बॅटरी हातात घेऊन, उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी दिसेल, कारण शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत येते. त्याच वाटेने तासाभरापूर्वी बिबट्या गेला असेल तर तो फोटोही त्याच कार्डावर असेल, वेळेसकट. दिवसा वीज द्या ही या पट्ट्यातली जुनी मागणी आहे. सौर कृषी वाहिनीच्या योजनेतून ती मान्य करण्याची घोषणाही झाली आहे, पण कोणत्या फीडरला आधी जोडणी द्यायची यावर अडते. एखाद्या ग्रामपंचायतीने महिनाभराच्या फोटोंवरून माणूस आणि बिबट्या एकाच वाटेवर किती वेळा आणि किती अंतराने आले याचा तक्ता वीज कंपनीपुढे ठेवला, तर त्या मागणीला उडवून लावणे अवघड जाईल. कुत्र्यांच्या बंदोबस्ताचे आणि कचऱ्याचे तसेच. वासरू मारले गेले तर ते बिबट्याने की कुत्र्यांनी, यावरून पंचनाम्याच्या वेळी होणारी हुज्जतही गोठ्याबाहेरच्या एका कॅमेऱ्याने मिटू शकते.

वनखात्याच्या लोकांनी ऊसतोडीच्या हंगामात या कॅमेऱ्याचा एक फार सुंदर उपयोग रूढ केला आहे. तोडणी चालू असताना फडात बिबट्याची पिल्ले सापडतात, कधी दोन, कधी तीन, डोळे नुकते उघडलेली. मादी जवळपासच दडलेली असते. पूर्वी ही पिल्ले उचलून नेली जात, आणि पिल्ले हरवलेली मादी परिसरात चवताळून फिरे. आता डॉक्टर पिल्ले तपासतात, संध्याकाळी त्यांना प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून त्याच फडात ठेवतात, भोवती कॅमेरे लावतात आणि माणसे दूर जातात. रात्री मादी येते, क्रेट पंजाने कलंडवते, एकेका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि घेऊन जाते. तिने सगळी पिल्ले नेली की नाही हे जवळ न जाता कळण्याचा मार्ग म्हणजे हा कॅमेरा. जुन्नर विभागात हे अनेकदा घडले आहे. त्या फोटोंनी ऊसतोड कामगारांच्या मनातली भीती जितकी कमी केली तितकी कोणत्याही जनजागृतीच्या फलकाने केली नसेल, असे मला वाटते.

आता आक्षेप. पहिला, स्वस्त कॅमेरा टिकत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. स्वस्त पेटीची रबरी कड पावसाळ्यात ओल आत घेते, फोटो उशिरा निघतो आणि बिबट्याची नुसती शेपटी हाती लागते. या कॅमेऱ्याचा सेन्सर अंगाची ऊब आणि भोवतालची ऊब यांतला फरक ओळखतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी तो अनेकदा आंधळा होतो. पण बिबट्या वावरतो मुख्यतः रात्री. चाळीस-पन्नास हजारांचा एक उत्तम कॅमेरा एका वाटेवर लावण्यापेक्षा त्याच पैशांत सहा साधे कॅमेरे सहा वाटांवर लावले आणि त्यांतले दोन बिघडले, तरी गावाच्या पदरात जास्त माहिती पडते. काटेकोर संख्याशास्त्रीय गणनेसाठी एकसारखे, भरवशाचे कॅमेरे लागतात, ती संस्थांनी करावी. गावाचे प्रश्न साधे आहेत. येतो का, कुठून येतो, कधी येतो, तोच येतो की दुसरा, एवढे कळले की पुष्कळ झाले. फोटोंचा ढीग कोण चाळणार, असाही प्रश्न विचारला जातो. राष्ट्रीय गणनेत साडेतीन कोटी फोटोंसाठी संगणकाची मदत घ्यावी लागली हे खरे, पण सहा कॅमेऱ्यांचे दहा दिवसांचे फोटो कॉलेजातली दोन मुले एका संध्याकाळी वेगळे करतील.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ठिकाण आणि वेळ सांगणारा फोटो चोरट्या शिकाऱ्याच्या हाती गेला तर? फासे आणि विजेच्या तारा लावणारे लोक या राज्यात आहेत. ज्या अमेरिकेतून हा कॅमेरा आला तिथेही त्याचा गैरवापर होतोच. ॲरिझोना राज्याने २०२१मध्ये निर्णय घेऊन जानेवारी २०२२पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली. कोरड्या मुलखातल्या मोजक्या पाणवठ्यांवर कॅमेऱ्यांची एवढी गर्दी झाली होती की जनावराला निसटायला वावच उरत नाही, असे म्हणणारे खुद्द शिकाऱ्यांतलेच अनेक जण होते. म्हणजे धोका खरा आहे, आणि त्याचे उत्तर नियमांत आहे. कार्ड वनरक्षकाच्या उपस्थितीतच निघावे, फोटो गावाच्या व्हॉट्सॲपवर जाऊ नयेत, गावाला कळवायचे ते ‘अमुक ओढ्याच्या बाजूला रात्री वावर आहे, मुलांना एकटे सोडू नका’ इतकेच. पण हेही लक्षात घ्यावे की फासे लावणाऱ्याला बिबट्याची वाट आधीच ठाऊक असते. ती ठाऊक नसते शाळेत जाणाऱ्या पोरीच्या आईला. शिवाय तो फासेवालाही त्याच पाणंदीवरून जातो आणि कॅमेऱ्यात येतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, तो खासगीपणाचा. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात २०१७मध्ये रानात शौचाला बसलेल्या एका स्त्रीचा कॅमेरा ट्रॅपमधला फोटो तिथल्या तात्पुरत्या वनकर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर पसरवला. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. त्रिशांत सिमलाई आणि ख्रिस सँडब्रुक यांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे सविस्तर आले आहे. तिथल्या बायकांनी सांगितले की कॅमेरे आल्यापासून त्या रानात मोकळेपणाने बोलत-गात नाहीत. जळण-फाटा गोळा करताना मोठ्याने गाणे ही जनावरांना दूर ठेवण्याची त्यांची रीत होती. संरक्षणासाठी आणलेल्या साधनाने त्यांना अधिक असुरक्षित केले. हा इशारा महाराष्ट्राने आजच ऐकायला हवा, कारण उसाच्या पट्ट्यात कॅमेरा जंगलात नसून लोकांच्या दाराशी लागणार आहे. आणि म्हणूनच तो बाहेरच्या माणसाने गुपचूप लावलेला नसावा असे मी म्हणतो. कॅमेरे कुठे लावायचे ते ग्रामसभेत ठरावे, त्यात बायकांचा शब्द शेवटचा असावा, पाणवठा, धुण्याची जागा आणि शौचाच्या वाटा वगळाव्यात, प्रत्येक जागी ठळक पाटी असावी, माणसांचे फोटो कार्ड पाहतानाच पुसावेत आणि रात्री पाण्यावर जाणाऱ्यांची नोंद ठेवायची तर फक्त वेळेची, चेहऱ्याविना. कॉर्बेटमधला अपराध कॅमेऱ्याच्या किमतीमुळे घडला नव्हता. तो कुणाच्या हाती आहे आणि कुणाला उत्तर देतो हे ठरलेले नव्हते, म्हणून घडला.

राहता राहिला सर्वांत सरळ प्रश्न. फोटोने बिबट्या थांबतो का? नाही थांबत. पडवीत खेळणाऱ्या मुलाला कॅमेरा वाचवू शकत नाही, घराभोवतीचे कुंपण, उजेड, बंदिस्त गोठा आणि सोबतीला मोठे माणूस हेच वाचवतात. पण हे सगळे कुठे आधी करायचे हे कॅमेरा सांगतो. कोणत्या वस्तीच्या मागे बिबट्या रोज येतो, कोणत्या शाळेच्या वाटेवर तो पहाटे असतो, हे माहीत असेल तर मर्यादित पैसा आणि मर्यादित माणसे नेमक्या जागी लावता येतात. हल्ला झालाच तर आधीच्या महिन्यांच्या फोटोंवरून संशयित ठरवता येतो, पिंजऱ्यात आलेला तोच आहे का ते ठिपक्यांवरून पडताळता येते, नसेल तर शोध चालू ठेवता येतो. आज अनेकदा होते ते उलटे. एक बिबट्या धरला जातो, लोक सुटकेचा श्वास सोडतात, पिंजरे निघतात आणि हल्ला करणारा तिथेच असू शकतो. वनखात्याकडे कॅमेरे आहेतच, असेही सांगितले जाते. आहेत, पण ते हल्ल्यानंतर येतात आणि बिबट्या धरला की परत जातात. ओळखीचा संग्रह शांततेच्या काळात तयार व्हावा लागतो, आणि शांततेच्या काळात तिथे असतात ती फक्त गावातली माणसे.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. साधे सहा कॅमेरे, पुन्हा भरता येणारे सेल, कार्ड, साखळी-कुलपे धरून एका गावाला पन्नास-साठ हजार रुपये पुरतील. जिल्हा नियोजन समितीला ही रक्कम जड नाही, आणि ज्या साखर कारखान्यांचा ऊस या गावांतून येतो त्यांना तर मुळीच नाही. कारखान्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावांसाठी ती द्यावी. वनखात्याने वापराचे आणि खासगीपणाचे लेखी नियम मराठीत काढावेत, प्रत्येक परिक्षेत्रात एक वनपाल या कामासाठी नेमावा आणि गावोगावचे ठिपक्यांचे फोटो एकत्र ठेवावेत, म्हणजे एका तालुक्यातला बिबट्या दुसऱ्यात गेला तर ओळखता येईल. ऊसतोडीला सुरुवात झाली की फड मोकळे होतात, बिबटे उघड्यावर येतात आणि माणसांशी गाठ पडण्याचे प्रसंग वाढतात. ग्रामसभांनी ठराव करायचे ते त्याच्या आधी, पावसाळा संपता संपता. या पट्ट्यातल्या वाचकांनी आपल्या सरपंचापुढे हा विषय पुढच्याच ग्रामसभेत काढावा.